उस्ताद बर्गोलच्या नावाचा घास

"हळद लावल्याबिगर नवरदेवाला मांडवात उभं करता का हो काका?"

पुसेगावच्या बाजार मैदानात टूरिंग टॉकीजचा तंबू ठोकणाऱ्या मालकाला निता राठोडनं हे विचारलं, तेव्हा तिचे कान तापले होते, पण आवाज खणखणीत होता. प्रश्न तिचा नव्हताच. दिपा आणि पल्लवीनं तो शाळेच्या नळावर बसून तयार केला होता, आणि विचारून दाखव, न्हाईतर पुन्हा मुकी म्हणू, अशी पैज लावली होती. त्या दोघी आता बंद पडलेल्या रसवंतीच्या गाड्यामागं तोंडात ओढण्या कोंबून हसत होत्या.

मालकाचं नाव हरिचंद. त्यानं हातातला घण खाली ठेवला आणि लग्न कुणाचं आहे असं विचारलं. निता म्हणाली, तुमच्या सिनेमाचं. मागं पोस्टर फडफडत होतं: 'अंगारगढ़ के जादूगर – भाग दो', करोडो रुपयांचा खर्च, हिंदीत बोलणारे विलायती जादूगार आणि पोस्टरच्या अर्ध्या भागात एकच अजगर, पंखवाला. पहिला भाग या मुलखात कधी आलाच नव्हता. ना पुसेगावात, ना सेनगावात. मग दुसरा कळायचा कसा, असा एकूण मुद्दा होता.

हरिचंदला प्रश्न आवडला. पहिल्या भागाची रिळं चालवून चालवून पार झिजली, कंपनीनं ती परत मागवून घेतली, आता हातात हाच एक आहे, असं त्यानं सांगितलं. वर म्हणाला, ज्याला पहिला माहीत असंल त्यानं बाकीच्यांना सांगावा की.

हे ऐकल्याबरोबर गाड्यामागनं दोघी सुटल्या त्या थेट हरिचंदच्या पुढ्यात.

"हिला माहितीय काका," दिपा म्हणाली. "अख्खा. हिनं नांदेडला बघितलाय. आमच्या तांड्याला तोंडपाठ हाय."

"मग उद्या शोच्या आधी माइकवर सांग," हरिचंद निताला म्हणाला. "तुझ्या घरच्यांना फुकट सोडतो."

निता हो म्हणून बसली. हल्ली तिचं असंच व्हायचं. हो आधी बाहेर पडायचं, भीती मागनं यायची.

भीतीचं कारण दिपाला माहीत नव्हतं, पल्लवीला नव्हतं, कुणालाच नव्हतं. निताला पहिला भाग अर्धाच माहीत होता.

त्याचं असं झालं. पाचवीला तांड्यावरच्या शाळेतून निता पुसेगावच्या शाळेत आली. घरी सगळं बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, त्यामुळं पहिल्याच दिवशी तिची मराठी अशी काही वाकडीतिकडी निघाली की वर्ग बाकावर डोकं टेकून हसला. त्यानंतर चार वर्गांत तिनं 'हजर सर' याखेरीज फारसं काही म्हटलं नाही. मुकी हे नाव तेव्हाचंच. मग गेल्या उन्हाळ्यात ती नांदेडला प्रेमदासमामाकडं गेली. मामानं भाड्यानं प्लेअर आणला, ह्याच जादूगारांचा पहिला भाग आणला, दोन सीड्यांचा. पहिली सीडी संपली ती अशा जागी, की उस्ताद बर्गोल नावाचा म्हातारा जादूगार विझलेला दिवा आणायला जळत्या डोंगराच्या पोटात शिरतो आणि त्याच्यामागं दगडी दार धाडकन बंद होतं. निता ओठ चावत उठली, दुसरी सीडी घातली, आणि टीव्हीवर वसमतच्या कुणाचं तरी लग्न सुरू झालं. दुकानात सीड्यांची अदलाबदल झाली होती. मामा म्हणाला, उद्या बदलून आणू. उद्या निताची एसटी होती. तिनं रात्री ते लग्नच शेवटपर्यंत बघितलं, म्हणजे काहीतरी संपल्यासारखं तरी वाटावं.

तांड्यावर परत आली तर रोज संध्याकाळी लोडशेडिंग. अंधारात लेकरं बोअर झालेली. निता सहज सांगायला लागली. तांड्यात गोष्ट सांगायची एक रीत आहे: ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर वाक्याला 'हां' म्हणून हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्टही थांबते, सांगणाऱ्यानं पुढं जायचं नाही. हुंकार देण्यात निताच्या आजीचा, नानीबाईचा, हात धरणारं कुणी नव्हतं. तिला अख्खा तांडा नानीबाई म्हणतो म्हणून निताही नानीबाईच म्हणायची. नानीबाईचा 'हां' असा असायचा की दगडानंसुद्धा पुढचं वाक्य सांगितलं असतं.

दगडी दार बंद झालं तिथं निता थांबली. आणि नानीबाई म्हणाली, हां.

आता एवढ्या मोठ्या 'हां'पुढं सीडी बदलली होती असं कसं सांगणार? निताच्या तोंडून आपोआप निघालं, की उस्ताद आत गेला, दिवा सापडला, तो त्यानं कावळ्याच्या चोचीत देऊन फटीतनं बाहेर धाडला, आणि स्वतः तिथंच मेला. बायकांनी पदर डोळ्याला लावले. निताला आयुष्यात एवढं सुख कधी झालं नव्हतं. मग ती थांबलीच नाही. दुष्ट राणीचा पराभव झाला, जादूगारांच्या पोरीचं लग्न लागलं, बँडवाला रुसला, वरमाईनं साडीवरनं तोंड वाकडं केलं. सगळं तिनं पुरवून पुरवून आठ-दहा संध्याकाळी चालवलं.

शाळा सुरू झाली तेव्हा मुकी कुठल्या कुठं गेली होती. निता विज्ञानाच्या तासाला हात वर करायची, कंडक्टरशी सुट्ट्यावरनं वाद घालायची. फक्त मराठीच्या सरांनी गॅदरिंगला कथा कोण सांगणार म्हणून दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा तिचा हात अर्ध्यापर्यंत गेला आणि तिथनं वळून डोकं खाजवायला लागला. पाचवीतलं हसू अजून त्या वर्गात कुठंतरी बसलेलं होतं.

आणि दिवाळीला कहर झाला. तांड्यात त्या दिवशी घरोघरी निखाऱ्यावर तूप सोडून, नाव घेऊन, गेलेल्या माणसांना गोडाचा घास टाकतात. नानीबाईनं आपल्या नवऱ्याच्या नावानं टाकला, सासू-सासऱ्यांच्या नावानं टाकला, आणि मग आणखी एक घास मोडून म्हणाली, "बर्गोल उस्तादा, घे रे बाबा."

निताच्या बापूनं, मोहनसिंगनं, हा कोण पाहुणा म्हणून विचारलं. नानीबाई म्हणाली, "त्याला ना लेकरू ना बाळ. आपण न्हाई टाकला तर कोण टाकंल?"

निखाऱ्यावर तूप चर्रर्र वाजलं आणि निता दोन पावलं मागं सरली.

तर आता पोस्टर. मालकाला प्रश्न विचारून तिघी परत निघाल्या, तेव्हा पल्लवीनं तिला दंडाला धरून थांबवलं. पल्लवी भीमराज कांबळे म्हणजे बीजगणितात पैकीच्या पैकी. अजगराच्या शेपटीखाली, अगदी कोपऱ्यात, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा होता. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा बर्गोल ना? मेला तर पोस्टरवर काहून?"

"मेलेल्या माणसाचा फोटो लावत न्हाईत का आपण," निता म्हणाली. "हार घालायचा राहिला असंल."

पल्लवीनं बोट काढलं, पण नजर काढली नाही. निताला कळून चुकलं, की हा म्हातारा उद्या पडद्यावर चालत आला तर नानीबाईचा तो मोठा 'हां' गेला, शाळा गेली, सगळं गेलं. परत मुकी. आणि या खेपेला मुकी आणि खोटारडी.

दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या बेताला तांडा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं आला. पुढं नानीबाई, अंगावर ठेवणीतला आरसे लावलेला घागरा, फेटिया, हातात बसायला पोतं. तंबूत मधोमध दोरी. एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. जनरेटरची धडधड. हरिचंदनं माइक निताच्या हातात दिला. निताचा पहिला शब्द तंबूच्या चारी कोपऱ्यांतून परत आला आणि तिचं तिलाच दचकायला झालं. पण बायांच्या बाजूनं नानीबाईचा 'हां' आला. मग काय, गाडी निघाली.

पहिला अर्धा भाग तिनं झपाट्यानं सांगितला. दगडी दार बंद झालं. कावळा उडाला. उस्ताद मेला. तेवढ्यात तिची नजर मशीनशेजारी उभ्या हरिचंदकडं गेली. त्यानं पहिला भाग यवतमाळकडं गावोगाव दाखवलेला होता. तो तंबाखू मळता मळता थांबला होता आणि तिच्याकडं असा बघत होता, जसं एखाद्यानं आपल्याच म्हशीला दुसऱ्याच्या दावणीला बघावं. निता एका वाक्यावर अडखळली. पण तंबू गच्च भरलेला, शांत, बाप्यांच्या बाजूनंही आता हुंकार येऊन राहिलेला. हरिचंदनं सगळीकडं एकदा नजर फिरवली आणि तंबाखू तोंडात टाकली. निता बँडवाल्याचं रुसणं सांगून खाली बसली.

सिनेमा सुरू झाला आणि नानीबाईनं पडद्यालाही हुंकार द्यायला सुरुवात केली. राणीनं हिंदीत धमकी दिली, हां. अजगरानं आग ओकली, हां. पुढच्या पुसेगावकर बायांनी वळून बघितलं, तर मागनं आख्ख्या तांड्याचा 'हां' आला. थोड्या वेळानं त्या बायाही द्यायला लागल्या, कारण एकदा दिला की न देता बसवत नाही.

एका जादूगारानं काठी आपटली आणि अख्खा किल्ला उजळला. बाप्यांतनं कुणीतरी म्हणालं, ह्याला आमच्या लाइटच्या डीपीवर बसवा. बर्फात कुडकुडणाऱ्या जादूगारांना बघून एक बाई म्हणाली, एवढी जादू येती तर शेकोटी पेटवायला काय झालं. राणीचं सैन्य आलं, डोंगर भरून, नजर जाईल तिथवर. त्या एका सीनला म्हणे लाखो रुपये लागले होते. तंबूनं श्वास रोखला. त्या शांततेत नानीबाईनं विचारलं, "एवढ्यांच्या भाकरी कोण थापतं?" सैन्यामागनं ओझ्याची जनावरं चालली होती. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, नेमसिंग, ज्यांच्या आज्यानं बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता, ते उठून उभे राहिले आणि पडद्याकडं बोट करून सांगू लागले की डाव्या बाजूची गोण ढिली आहे, घाटात सुटणार. मागचे म्हणाले, नायक, बसा, जनावर विलायती हाय. घाटात एक गोण खरंच सुटली आणि घरंगळत गेली. सिनेमावाल्यांनी ते मुद्दाम केलं होतं की चुकून, देव जाणे, पण टाळ्या नायकांना पडल्या.

निता हसत होती, पण अर्धीच. तिचा दुसरा अर्धा भाग दाढ्या मोजत होता. जो म्हातारा दिसेल तो बर्गोल नसू दे.

आणि मग राणीनं सगळ्या जादूगारांना कोंडीत पकडलं, काठ्या काढून घेतल्या, तलवार वर उचलली. एवढ्यात किल्ल्याचं दार उघडलं. धुक्यातनं एक जण आला. डोक्यावरचं घोंगडं मागं सारलं. पांढरी दाढी.

"उस्ताद बर्गोल," पडद्यावरची पोरगी किंचाळली.

"मैं लौट आया," म्हातारा म्हणाला.

आणि रीळ संपलं.

टूरिंग टॉकीजला मशीन एकच. रीळ बदलायचं तर सिनेमा थांबतो, बल्ब लागतो. बल्ब लागला. नानीबाईचा हुंकार आला नव्हता. कुणाचाच आला नव्हता. जनरेटर तेवढा धडधडत होता, आणि अख्खा तंबू निताकडं बघत होता.

पल्लवीनं कोऱ्या पडद्याकडं बोट केलं, काल पोस्टरवर ठेवलं होतं तसं. दिपा पुटपुटली की आता काय करायचं गं. बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, की पोरी, तुझा मुडदा उठून बसला. हसण्याची एक लाट आली. पाचवीच्या वर्गातलंच हसू होतं ते, निताला लगेच ओळखू आलं.

नानीबाई पोत्यावरनं उठली. तिच्या फेटियातले आरसे बल्बच्या उजेडात लखलखले. ती निताला म्हणाली, "हा मेला व्हता ना?"

"व्हय," निता म्हणाली.

"मी ह्याला घास टाकलाय. आपल्या माणसांच्या रांगेत बसून जेवलाय हा. आन आता जित्ता येऊन राहिला?"

माइक अजून निताच्या मांडीशी पडलेला होता. तिनं तो का उचलला हे तिलाही सांगता आलं नसतं. हो आधी बाहेर पडायचं, तसंच काहीतरी.

"नानीबाई," ती माइकवर म्हणाली, "घास टाकताना नाव कुणाचं घेतलं?"

"ह्याचंच की. बर्गोल उस्ताद."

"तूप सोडलं?"

"सोडलं."

"मग पोचला तो. दिवाळीपासनं तो उठून येऊन राहिला. त्याच्या देशात त्याला कुणी घास टाकला नव्हता, आपल्याकडनं गेला. म्हणून तर दुसरा भाग निघाला."

मग बाप्यांच्या बाजूनं जी शिट्टी वाजली ती तंबूच्या कापडाला भोक पाडून गेली असेल. पुसेगावच्या बाया एकमेकींच्या पाठीत धपाटे घालत हसायला लागल्या. पण आताचं हसू वेगळं होतं. ते निताकडं तोंड करून होतं, निताच्या अंगावर नव्हतं. तांड्यातल्या बायका तर हसतही नव्हत्या. त्या माना डोलवत होत्या, की बराबर हाय.

एकटी नानीबाई उभीच होती. तिचा चेहरा बघितला आणि निताचं हसू ओठांवरच राहिलं.

"तुझ्या आज्याला पण टाकते मी," नानीबाई हळू म्हणाली. माइक जवळ होता म्हणून सगळ्या तंबूला ऐकू गेलं. "दर दिवाळीला. ते का न्हाई आले?"

हे निताच्या डोक्यातच आलं नव्हतं. कावळ्याच्या चोचीतला दिवा सुचला होता, रुसलेला बँडवाला सुचला होता, पण ह्याला काही सुचेना. हातातला माइक एकदम घणाएवढा जड झाला.

नानीबाईनं नातीच्या तोंडाकडं जरा वेळ बघितलं. मग पदर सावरत म्हणाली, "ते न्हाई यायचे. जित्ते असताना जेवायला हाका मारल्या तरी येत नव्हते." आणि पोत्यावर बसून हरिचंदला म्हणाली, "लाव रे पुढचं."

तंबू असा काही हसला की हरिचंदच्या हातातनं रिळाचं टोक निसटलं.

पुढच्या रिळात बर्गोलनं सविस्तर सांगितलं, की डोंगराला मागनं एक दार होतं आणि तो त्यातनं बाहेर पडला होता. हिंदीत, शांतपणे, दाढीवरनं हात फिरवत. कुणीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. पुसेगावच्या पानटपरीवाल्यानं तर मोठ्यानं सांगून टाकलं, की म्हाताऱ्या, थापा मारू नको, आमचं तूप खाऊन आलास. शेवटी राणी निसटली, अजगर जखमी होऊन समुद्रात पडला, आणि 'भाग तीन' अशी अक्षरं आली. लोक पडद्याला शिव्या देत उठले.

बाहेर हरिचंद ट्रॉलीपर्यंत आला. नानीबाईला रामराम केला, आणि निताला एवढंच म्हणाला, की मागल्या दाराचं मला बी कधी पटलं नव्हतं. पल्लवी आपल्या वडिलांच्या सायकलीवर मागं बसली होती. जाता जाता ती वळून म्हणाली, "पहिल्यातला बँडवाला दुसऱ्यात कुठं दिसला न्हाई गं."

"रुसलाय," निता म्हणाली.

पल्लवी हसली. मोठ्यानं, पहिल्यांदाच. सायकल डगमगली आणि वडील कातावले.

ट्रॉलीत थंडी होती. नानीबाईनं निताला आपल्या घोंगडीत ओढलं. ट्रॅक्टरच्या आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं ती म्हणाली, "तू अर्धाच बघितला व्हतास ना?"

निता घोंगडीचा काठ ओढायला लागली.

"पहिल्या अर्ध्यात कुणी जेवत नव्हतं," नानीबाई म्हणाली. "दार बंद झालं आन सगळे जादूगार भाकरी-ठेचा खायला लागले. वरमाई तर पार माझ्या थोरल्या नणंदेसारखी बोलायची. मला उन्हाळ्यातच कळलं."

"मग घास काहून टाकला?"

"मला रडू आलं व्हतं की. रडू आल्यावर टाकायला लागतो."

एवढं बोलून ती घोरायलाच लागली. निता बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. हळदीच्या शेतांवरनं वारा येत होता. पुढं याडी, म्हणजे निताची आई, आणि बापू ट्रॉलीच्या फळीला टेकून बसले होते आणि तिसऱ्या भागात राणीचं काय होणार यावर भांडत होते. बापूचं म्हणणं, तिला अजगरच खाणार. याडीचं म्हणणं, बाईमाणूस एवढं सोपं मरत नसतं. मग बापूनं हाक मारली, की निते, तुला काय वाटतं, तिसरा कधी येईल?

निता घोंगडीतनं बाहेर आली. ट्रॉली खड्ड्यात आदळत होती, तरी ती उभी राहिली, एका हातानं ट्रॉलीची कड धरून.

"बापू, याडी, सोमवारी मी गॅदरिंगला नाव देणार," ती म्हणाली. "गोष्ट सांगणार. अख्ख्या शाळेपुढं, माइकवर. तिसरा भाग सांगणार."

याडी म्हणाली की अगं, तो त्यांनी अजून काढला तरी आहे का.

"न्हाई काढला. म्हणून तर घाई हाय. त्यांच्या आधी मी काढणार, आन त्यात उस्ताद मरणार. ह्या खेपेला पक्का, मागलं दार न्हाई, काही न्हाई. नानीबाई उठली की तिला सांगा, दिवाळीपतोर तूप जपून ठेव म्हणावं."